एका आरंभशूराचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दर वेळी उत्साहाने नवी सवय लावायला घेता आणि आठ-दहा दिवसांत ती सुटते. 21 दिवसांत सवय लागते म्हणतात, मग तुम्हालाच का लागत नाही? आधी मानसिकता बदलायला हवी का?

त्या 21 दिवसांचं आधी निकालात काढू. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनचा. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला निदान 21 दिवस लागतात, असं त्यांनी 1960 साली लिहिलं. त्यातला 'निदान' वाटेत कुठेतरी गळाला आणि चेहऱ्याचा हिशेब पहाटे उठण्यापासून धूम्रपान सोडण्यापर्यंत सगळ्याला लागू झाला. प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. 96 जणांनी रोज करायची एकेक छोटी गोष्ट निवडली आणि 84 दिवस नोंदी ठेवल्या. ती अंगवळणी पडायला लागणारा मधला आकडा 66 दिवसांचा निघाला. कुणाचं 18 दिवसांतच भागलं, तर कुणाचा नोंदींवरून बांधलेला अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. तेव्हा दहाव्या दिवशी तुम्हाला जड जात होतं यात नवल काही नाही. जड जायचंच होतं.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही. मध्ये एखादा खाडा पडला, तरी सवय मुरण्यावर त्याचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही.

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. घरात माझं नावच आरंभशूर होतं. एकदा सकाळच्या व्यायामासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक तारखेपासून रोज लाल पेनाने फुली मारायला सुरुवात केली. अकरा फुल्या झाल्या. बाराव्या दिवशी जाग आली नाही. तेरा तारखेला मी वेळेवर उठलो होतो, अंगात बरं होतं, वेळही होता. तरी कॅलेंडरसमोर उभा राहून त्या एका कोऱ्या चौकोनाकडे बघत बसलो आणि ठरवलं, आता पुढच्या एक तारखेपासून नीट सुरू करू. खाडा एका दिवसाचा, आणि त्याच्यापायी सुट्टी घेतली अठरा दिवसांची! (पुढच्या एक तारखेला काय झालं ते विचारू नका.)

मानसिकतेचा संबंध येतो तो इथे. बारा तारीख झोपेने खाल्ली. पुढचे अठरा दिवस 'आपण आरंभशूरच' या वाक्याने खाल्ले. मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी मांडलेला फरक तुम्ही ऐकला असेल: काहींना आपली कुवत जन्मतः ठरलेली वाटते, काहींना ती वाढवता येते असं वाटतं. कल्पना मला पटते, पण नुसता विचार बदलला की गाडी धावते, हे मात्र पटत नाही. 2018 साली शालेय यशाबद्दलचे असे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा परिणाम सरासरीने किरकोळच दिसला. माझ्या बाबतीत क्रम उलटा होता. विचार बदलला म्हणून मी टिकलो, असं झालं नाही. खाड्यानंतर तीन-चारदा परत चटईवर आलो, आणि मग ते वाक्य आपोआप खोटं वाटायला लागलं.

परत यायला मदत झाली ती एका साध्या युक्तीची. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी 'अमुक झालं की तमुक करायचं' अशा जर-तरच्या ठरावांवर बरंच काम केलंय. नुसतं 'व्यायाम करेन' म्हणण्यापेक्षा 'दात घासून झाले की चटई उलगडेन' हे जास्त टिकतं. मी त्यात खाड्याचंही कलम घातलं: काल राहिलं असेल, तर आज फक्त पाच मिनिटं. जास्त करायचंच नाही. कालचं आज भरून काढायला गेलं की अंग दुखतं, उद्या पुन्हा दांडी, आणि परवा एक तारखेची वाट बघणं सुरू. हे कलम पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. खाडा पडल्यावर डोकं ताळ्यावर नसतं, तेव्हा फक्त लिहिलेलं पाळायचं.

राहता राहिली इच्छाशक्ती. तिच्यावर मी फार भार टाकत नाही. सवयींवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ वेंडी वूड यांच्या एका अभ्यासात लोक दर तासाला आपण काय करतोय ते टिपत होते. त्यातल्या सुमारे 43 टक्के कृती जवळपास रोजच्या, बहुतेक करून त्याच जागी होणाऱ्या होत्या. जागा आणि वेळ दिसली की अंग आपलं आपण चालायला लागतं. माझी सकाळ फोनमध्ये जायची. गजर फोनवर, फोन उशीखाली, गजर बंद करायला हात घातला की अर्धा तास गेलाच. निर्धार करून पाहिले, शपथा घेतल्या, काही उपयोग झाला नाही. शेवटी साधं गजराचं घड्याळ आणलं आणि फोन रात्री बाहेरच्या खोलीत कपाटावर ठेवायला लागलो. पहिले कितीतरी दिवस डोळे उघडायच्या आधी हात उशीखाली जायचा, चादर चाचपायचा, रिकामा परत यायचा. त्या हातात माझी काही इच्छा नव्हती. त्याला फक्त उशी माहीत होती. हळूहळू त्याने नाद सोडला.

निदान घरी तरी. परगावी मुक्काम असला, की पहाटे हात अजूनही उशीखाली जातो. तिथे घड्याळ नसतं, फोन उशाशीच असतो, त्यामुळे त्याला तो सापडतोही. त्या दिवशी मग पाच मिनिटांचं कलम लागू.