मराठी अॅनिमेटेड स्किटमध्ये व्हीट्यूबर पाहुणे म्हणून आणावेत का? कसे?

आणा की. व्हीट्यूबर म्हणजे स्वतःचा चेहरा न दाखवता अॅनिमेटेड पात्राच्या रूपात लाइव्ह स्ट्रीम करणारे कलाकार. त्यांना फक्त ‘स्वतः’ म्हणून आणू नका, भूमिका द्या.

तुम्ही लिहिलंय की ठाण्यातल्या एका सोसायटीवर तुमची छोटी स्किट्स आहेत आणि व्हीट्यूबर आले तर प्रेक्षक वाढतील. वाढतील, एक-दोन भाग. “अगं बाई, ही इथे कशी!” यावर तिसऱ्यांदा कुणी हसत नाही. तीच जर खडूस सेक्रेटरी होऊन पार्किंगवरून भांडायला लागली, तर तिचा स्ट्रीम कधीही न पाहिलेलाही थांबून बघेल.

मी ऐरोलीत अॅनिमेशनचंच काम करतो, म्हणून तांत्रिक अडचण आधी सांगतो. बहुतेकांचं मॉडेल, म्हणजे पडद्यावर हलणारं पात्र, ‘लाइव्ह टूडी’ या सॉफ्टवेअरमधलं असतं. समोरून काढलेलं एक चित्र, त्यात डोळे, पापण्या, बटा, ओठ असे सुटे थर, आणि कॅमेरा चेहरा टिपेल तसे ते थर सरकतात. मान नेहमीच्या सेटिंगला दोन्हीकडे 30 अंशांपर्यंत वळते. पाठ नसतेच! असं पात्र तलावपाळीवर चालवायचं म्हटलं तर ते नव्यानेच काढावं लागेल. त्यापेक्षा माणूस एरवीही चौकटीतूनच दिसतो तिथे त्याला बसवा: तिकीट खिडकी, वॉचमनची केबिन, ऑनलाइन सोसायटी मीटिंग. माझी आवडती जागा म्हणजे रिक्षाचा आरसा. गिऱ्हाईक “वाघबीळ?” विचारतं, आरशातले डोळे वर येतात, सावकाश मिटतात, मान किंचित हलते. संवादाची गरजच नाही.

संवाद असेल तिथे ओठ सांभाळा. प, ब, म म्हणताना ओठ मिटावेच लागतात आणि साध्या वेबकॅमच्या ट्रॅकिंगमध्ये ते बरेचदा अर्धवट उघडे राहतात. “पंप बंद पडलाय” हे उघड्या तोंडाने म्हटलेलं बघवत नाही. तेवढ्या फ्रेम हाताने दुरुस्त करा.

आता परवानगी. जपानच्या होलोलाइव्ह या व्हीट्यूबर एजन्सीने 2019 पासून आपल्याच कलाकारांना घेऊन छोटी विनोदी अॅनिमेशन्स चालवली, पण तिथे पात्रं कंपनीचीच. तुमच्याकडे येणारी मुलगी एखाद्या एजन्सीत असेल तर तिचा होकार पुरत नाही, एजन्सीचाही लागतो. स्वतंत्र असेल तर चित्रकाराशी तिचं काय ठरलंय ते विचारा. पैसे देऊन चित्र काढून घेतलं म्हणजे सगळे हक्क आपोआप आले असं नसतं. मॉडेलची फाइल मागू नका, कुणी देत नाही. हिरव्या पार्श्वभूमीवर केलेलं रेकॉर्डिंग मागा.

आणि ‘पडद्यामागे खरी कोण आहे’ यावर विनोद नको. गवळणीतली मावशी पुरुष आहे हे अख्ख्या तंबूला ठाऊक असतं, तरी तिचा पदर ओढून ते सिद्ध करायला कुणी जात नाही. इथेही तेच. व्हीट्यूबरांमध्ये खरं नाव-चेहरा उघड करणं हा सरळ गुन्हाच मानतात, गंमत म्हणूनही ते चालत नाही.

लेखनात एक सवलत मात्र घ्या. ही मंडळी तासन्‌तास चॅटशी बोलत बसतात, उत्स्फूर्त उत्तर द्यायला पटाईत असतात, पण पाठ केलेलं वाक्य काहींच्या तोंडात लाकडासारखं येतं. त्यामुळे पानभर संवाद न पाठवता प्रसंग पाठवा: ‘टाकीत पाणी नाही, तू सेक्रेटरी आहेस, दोष तुझाच आहे पण कबूल करायचं नाही.’ तुमच्यातला एकजण कॉलवर चिडलेला रहिवासी होऊन भांडू दे, तासभर रेकॉर्ड करा आणि त्यातली दोन मिनिटं ठेवा. अॅनिमेशन त्या कापलेल्या आवाजावर करा. आधी चित्र आणि मग आवाज केलात तर तिचं टायमिंगच जाईल, आणि तिला बोलावलं होतं ते त्यासाठीच.