शिंगराला आधी समुद्र बघू दे

2 वर्षांचं शिंगरू आहे ना, मग पाठीवर बसायचा विषयच काढू नकोस. घोड्याचे मणके पक्के व्हायला 5 ते 6 वर्षं लागतात. हलका स्वार चौथ्या वर्षी बघू. आत्ता नुसती मोहरकी (तोंडावर बांधायची दोरी) घाल आणि ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवरून चालव. सुक्या पुळणीत पाय रुततात, शिरा ताणतात.

लाटेला बिचकेलच. ओढू नकोस. दोर सैल धरून उभा राहा. त्याने कान पुढे करून एक पाऊल टाकलं, की तू मागे हो. तेच त्याचं बक्षीस. माझ्या पहिल्या घोडीला मी नागावला लाटेत खेचलं होतं. पुढे सहा महिने फेस दिसला की ती मागे सरायची.

शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गर्दीत नेऊच नकोस. आणि घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याने धू.