‘नोस्फेराटू’ : व्हॅम्पायरची गोष्ट की साथीची?

१९२२ सालचा ‘नोस्फेराटू’ हा जर्मन मूकपट आज पाहताना खरोखर भीती वाटते का, की तो केवळ इतिहास म्हणून पाहायचा, असे आपण विचारले आहे. माझा अनुभव असा की, व्हॅम्पायरचा चित्रपट म्हणून पाहायला बसल्यास सुरुवातीला अधूनमधून हसू येते, पण साथीचा चित्रपट म्हणून पाहिल्यास त्याचा उत्तरार्ध अंगावर येतो.

हसू येते ते चित्रफीत भरभर पळवल्यासारख्या धावणाऱ्या घोडागाडीमुळे आणि ऊठसूट खिदळणाऱ्या नायकामुळे. मात्र मॅक्स श्रेकने साकारलेला व्हॅम्पायर, काउंट ऑर्लॉक, नीट न्याहाळावा. पुढच्या काळातल्या व्हॅम्पायरांचे सुळे लांब असतात, तर याचे समोरचे दोन दात लांब आहेत, अगदी उंदराचे असावेत तसे. दिग्दर्शक मुर्नाऊ आणि पटकथाकार हेन्रिक गालेन यांनी कथा घेतली ती ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’वरून, तीही परवानगी न घेता (त्यापायी पुढे न्यायालयाने प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला), पण मूळ कादंबरीत नसलेला प्लेग त्यांनी स्वतःहून आणला. चित्रपट सुरू होतो तोच मुळी १८३८ मध्ये विस्बोर्ग या काल्पनिक गावात झालेल्या मोठ्या मनुष्यहानीची बखर उघडून.

ऑर्लॉकचे जहाज बंदराला लागते तेव्हा त्यावर एकही माणूस जिवंत नसतो. जहाजावरची रोजनिशी वाचून प्लेगचा धोका ध्यानात येताच जमलेले लोक घराकडे धाव घेतात. त्यानंतर अरुंद गल्लीत एक माणूस ढोल वाजवत दवंडी देतो की, रोग्यांना रस्त्यावरून दवाखान्यात नेऊ नये. ऐकायला दारा-खिडक्यांत आलेली माणसे तेवढ्याच तत्परतेने आत होतात. पुढे दारांवर खडूने फुल्या पडतात, आणि नायिका एलेन खिडकीतून पाहत असताना त्याच गल्लीतून काळ्या कपड्यांतली माणसे एकामागून एक शवपेट्या वाहून नेतात. कॅमेरा जागचा हलत नाही. ऑर्लॉक या दृश्यात कुठेच नाही, तरीही सबंध चित्रपटात मला सर्वाधिक भीती वाटली ती इथेच. महायुद्ध आणि १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ नुकतीच सोसलेल्या बर्लिनच्या प्रेक्षकांना अशी रांग परकी वाटली नसणार. गल्ल्या आणि बंदरही स्टुडिओत उभारलेले नाहीत. हा भाग विस्मार आणि ल्युबेक या खऱ्याखुऱ्या शहरांत चित्रित झाला आहे.

प्रत मात्र पारखून घ्यावी. रात्रीची दृश्ये त्या काळी दिवसाउजेडी चित्रित करून नंतर फिल्मला निळसर रंगछटा देत असत. ती छटा उडालेल्या निव्वळ कृष्णधवल प्रती इंटरनेटवर पुष्कळ आहेत, आणि मी पहिल्यांदा पाहिली ती अशीच एक. तीत ऑर्लॉक स्वतःची शवपेटी काखोटीला मारून लख्ख उन्हात गावातून चालत जातो, आणि शेवटी तोच सकाळच्या कोवळ्या उन्हाने विरून जातो. एवढ्या उन्हात फिरून आलेला हा माणूस आताच कसा मेला, हे मला त्या दिवशी काही केल्या उमगले नव्हते.