जावेची लघवी बाळंतपणापासून सारखी गळते, घरात तिला वेगळं बसवलंय. आम्ही बायकांनी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सासर कर्नाटकातल्या, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं, जावेचं माहेर महाराष्ट्रातलं, चंदगडकडचं. दोन दिवस कळा देऊन बाळंत झाली, बाळ राहिलं नाही. त्याला दोन महिने झाले, लघवी थांबत नाही, सासूबाईंनी ताट-अंथरूण वेगळं केलंय, आणि तिला धीर कसा द्यायचा असं तुम्ही विचारताय.

धीर नंतर. आधी तिला एकटीला बाजूला घेऊन गळणं कसलं आहे ते विचारा. खोकताना, शिंकताना, घागर उचलताना थेंब पडतात आणि एरवी कोरडं असतं, तर ओटीपोटाखालचे स्नायू सैल झालेत. झोपेतही अंथरूण भिजतं, लघवीला बसलं तर मात्र फारसं काही होत नाही, तर मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडलेलं असतं, त्याला फिश्चुला म्हणतात. वारा किंवा पातळ शौच आवरत नसेल तर बाळंतपणात फाटलेली जागा गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलेली असू शकते. उकिडवं बसल्यावर गोळा हाताला लागतो ते अंग बाहेर येणं. एकाच बाईला यातलं दोन-दोनही असतं. चालताना पाऊल घासतंय का तेही बघा, कारण अडलेल्या बाळंतपणात पायाची नस दबते.

तुमच्या वर्णनावरून मला फिश्चुलाची शंका जास्त वाटते. बाळाचं डोकं अडकून बसलं की मूत्राशय डोकं आणि ओटीपोटाखालचं पुढचं हाड यांच्यामध्ये चेपतं, तिथे रक्त पोचत नाही आणि मेलेला भाग तीन ते दहा दिवसांनी गळून पडतो. म्हणूनच कित्येक बायका दवाखान्यातून घरी येतात तेव्हा ठीक असतात. "आली तेव्हा बरी होती, नंतर काहीतरी बाहेरचं झालं" ही समजूत इथूनच निघते. सासूबाईंना हा तीन ते दहा दिवसांचा हिशेब नीट समजावून सांगा, शक्यतो आशाताईंच्या किंवा नर्सबाईंच्या तोंडून. सौंदत्तीचा नवस बोलला असेल तर फेडू द्या, त्यावरून वाद घालू नका. फक्त दवाखान्याची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका.

इतक्यात कोणी "पिशवी काढून टाका" म्हणालं तर थांबा. भोक मूत्राशयाला आहे, गर्भाशय काढल्यानं ते बुजत नाही. व्यायामानंही बुजत नाही. पहिल्या काही आठवड्यांत लक्षात आलं आणि भोक लहान असलं तर चार-सहा आठवडे लघवीची नळी सतत ठेवून ते आपोआप भरू शकतं. दोन महिन्यांनंतर ती आशा कमी, तरी ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. शस्त्रक्रिया बहुतेक वेळा बाळंतपणानंतर साधारण तीन महिन्यांनी करतात, सुजलेली जागा निवळल्यावर. म्हणजे आता हातात असलेला महिना तयारीचा, आणि घरच्या बायकांचं खरं काम याच महिन्यात आहे.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची होते. गळू नये म्हणून ती पाणी पिणं बंद करते. मग लघवी दाट होते, वास वाढतो, कातडी जळते, खडे धरू शकतात. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे. लघवी फिकट दिसली की पुरेसं झालं. वास कमी झाला की निम्मं वेगळं बसवणं आपोआप सुटतं, हे सासूबाईंना पटायला आठ दिवस पुरतात. साध्या पाण्यानं धुवायचं, टिपून कोरडं करायचं आणि खोबरेल तेल किंवा व्हॅसलीनचा थर द्यायचा, म्हणजे लघवी कातडीला लागत नाही. डेटॉल नको, पावडर नको. खाटेखालची शेगडी आणि धुरी तर अजिबात नको: नस दबलेल्या जागी चटका कळत नाही, भाजतं. जुन्या सुती साडीच्या आठ-दहा जाड घड्या शिवून द्या, गार पाण्यात भिजवून मग साबणानं धुवायच्या आणि उन्हात वाळवायच्या. परड्यात कोपऱ्यात लपवलेल्या घड्या ओलसर राहतात, त्यानं खाज सुटते. तुमच्याच साड्यांच्या दोरीवर त्यांना जागा द्या. गोधडीखाली मेणकापड घाला.

बाळ गेलं म्हणून तिला बाळंतीण धरलं गेलं नसेल. असं फार होतं: सव्वा महिन्याचा आराम नाही, डिंकाचे लाडू नाहीत, आणि छाती भरून आली तेव्हा कोणी विचारलं नाही. तिला आत्ता द्या. शस्त्रक्रियेआधी हिमोग्लोबिन चांगलं लागतं, तेव्हा पालेभाजी, नाचणी, कडधान्य, घरात चालत असेल तर अंडी, आणि आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या. झोप उडाली असेल, मरणाची भाषा येत असेल तर 14416 हा टेली-मानसचा फुकट नंबर आहे, आणि अशा दिवसांत तिला एकटी ठेवू नका.

आता कागद. सीमाभागात खरी अडचण इथेच येते. माहेरच्या रेशन कार्डावरून नाव कमी झालेलं, सासरच्या कार्डावर चढलेलं नाही, आधारवर चंदगडचा पत्ता. अशी बाई दोन्ही राज्यांच्या मधे अडकते. कर्नाटकात बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण त्यासाठी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. तालुका रुग्णालयात दाखवून ती घ्या, मग बेळगावात बिम्स, म्हणजे तिथलं सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. तिचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असेल तर महाराष्ट्राची महात्मा फुले योजना आणि कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय हा रस्ता कदाचित लवकर उघडेल. कुठेही गेलात तरी दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गाठून हीच शस्त्रक्रिया योजनेत बसते का ते विचारा. बेळगावच्या फेऱ्यांना साध्या बसमध्ये शक्ती योजनेत तिकीट पडत नाही, पण ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता हवा. पत्ता बदलायचा तर आजच अर्ज टाका.

दवाखान्यात तिच्यासोबत कन्नड येणारी बाई असू द्या, पुरुष नको. केसपेपरवर लिहून घेणारा शिकाऊ डॉक्टर मोठ्यानं विचारतो आणि ती गप्प बसते. म्हणून घरूनच चिठ्ठी लिहून न्या: कळा किती तास, बाळंतपण कुठे, सिझर की खालून, बाळ ओढायला चिमटा लावला का, गळणं कितव्या दिवशी सुरू झालं. तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं तपासण्यांचं कार्ड) आणि डिस्चार्जचा कागद जोडा. तिथे मूत्राशयात निळं औषध घालून योनिमार्गात कापसाचे बोळे ठेवतात, कुठला बोळा निळा होतो त्यावरून भोक कळतं. हे आधी सांगितलं तर ती घाबरत नाही. डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः करता? पहिल्या खेपेला यश येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, तेव्हा हात बसलेलाच माणूस हवा.

नवऱ्याला डॉक्टरांपुढे बसवा. फारकतीची भाषा निघत असेल तर हिंदू विवाह कायद्यातल्या घटस्फोटाच्या कारणांत लघवी गळणं नाही, आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तिला राहत्या घरातून असंच काढता येत नाही. बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो; नंबर 15100.

शस्त्रक्रियेनंतर एक-दोन आठवडे नळी असते. रात्री सोबतीला असणाऱ्या बाईचं काम एकच: दर तासाला बघायचं की नळी मुडपलेली नाही, लघवीची पिशवी खाटेच्या खाली आहे आणि थेंब पडतोय. थेंब थांबला किंवा अंथरूण ओलं झालं तर त्याच क्षणी नर्सला उठवा. सकाळपर्यंत थांबलात तर भरलेल्या मूत्राशयानं टाके उसवतात. तीन महिने नवऱ्यापासून लांब, घागर-मोळी बंद. पुढचं मूल किमान वर्षानं आणि सिझरनंच, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून मागा, म्हणजे पुढे घरात वाद होत नाही.

भोक बुजूनही खोकताना थोडं गळू शकतं. शस्त्रक्रिया फसली असा बोभाटा करू नका, डॉक्टरांना दाखवा. त्यांनी हो म्हटल्यावर वारा आवरताना आवळतो तसं आवळून पाच मोजायचं, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करता करता मध्येच अडवून हा सराव करायचा नाही.