दारू सोडायची आहे. रत्नागिरी-गुहागर भागात मदत गट कसा शोधू? ओळखीचं कोणी भेटेल याची भीती वाटते

तुम्ही लिहिलंय की रोज दोन क्वार्टर होतात, सकाळी हात थरथरतात, आणि वाडीतल्या कोणी बघितलं तर काय, ही धास्ती आहे. मी त्याच जिल्ह्यातला, बोटींच्या इंजिनांची कामं करतो. मला दारू सोडून नऊ वर्षं झाली.

गटाच्या आधी डॉक्टर. हात थरथरतात म्हणजे अंगाला दारू लागलेली आहे. अशा माणसाने घरच्या घरी एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊ शकतो, नाही ते दिसायला लागतं. यात माणसं दगावतात. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. नावाला बिचकू नका, ओपीडीत दाखवलं म्हणजे भरती झालात असं होत नाही. गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं मिळाली की पहिला आठवडा निभावतो.

मी हे केलं नव्हतं. आईने ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायला लावलं, मी नारळावर हात ठेवून शपथ घेतली आणि चाळीस दिवस खरोखर पाळली. मग शिमगा आला. पालखी दारात नाचून गेली, रात्री मुंबईहून आलेल्या चुलतभावाने ग्लास पुढे केला. देवाला फसवलं हे मनाला इतकं लागलं की ते विसरायला मी आधीपेक्षा जास्त प्यायला लागलो. शपथ मी मनापासून घेतली होती. पण रोज संध्याकाळी सात वाजले की घशाला जी कोरड पडते तिचं काय करायचं, हे सांगणारं माझ्याजवळ कोणी नव्हतं. ते मला गटात मिळालं.

मी जातो तो गट अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, सगळे ए.ए. म्हणतात. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने बुडालेले, एकमेकांना आपली कहाणी सांगत सावरले, तिथून हे सुरू झालं. भारतात १९५७ पासून आहे. फी नाही. मीटिंगच्या शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने टाकावं. बाहेरच्यांकडून देणगी घेत नाहीत. नाव सांगायचं तर फक्त पहिलं. जागा साधीच, कुठे शाळेचा वर्ग, कुठे चर्चची खोली.

पत्ता मिळवायला ए.ए.च्या भारतातल्या संकेतस्थळावरून फोन करा, किंवा १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनला विचारा. हा फोन फुकट आहे. ओपीडीतल्या समुपदेशकालाही विचारा, त्यांना जवळची मीटिंग बहुधा माहीत असते. पत्नीला सांगा की घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे गट असतात. आणि जेवणात गुपचूप टाकायच्या पुड्या कोणी विकत असेल तर तिने त्या अजिबात घेऊ नयेत. काहींत असं औषध असतं की त्यावर दारू पोटात गेली तर जीव धोक्यात येतो.

आता तुमची भीती. मी पहिल्यांदा मुद्दाम दुसऱ्या तालुक्यातली मीटिंग धरली, एस.टी.ने दीड तास. दारातून आत पाऊल टाकलं आणि समोर आमच्याच बंदरातला तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, बसलेला. मला परत फिरावंसं वाटलं. तो उठला, माझ्या हातात चहा दिला आणि म्हणाला, "बस, मी पण त्याचसाठी येतो." नऊ वर्षांत त्याने बंदरावर माझ्याबद्दल एक शब्द काढलेला नाही, मी त्याच्याबद्दल नाही. आणि वाडीचं म्हणाल, तर मी पाखाडीवर पडलेला असायचो तेव्हा वाडीतलीच पोरं मला उचलून घरी आणायची. त्यांना सगळं माहीत होतं. तुमच्याकडेही बहुतेक माहीत असेल. मला हे कळायला फार वर्षं लागली, म्हणून तुम्हाला आत्ताच सांगतो.

अगदी जवळ गट नसला तरी अडू नका. ए.ए.च्या परंपरेप्रमाणे दारूपासून दूर राहायला दोन-तीन जण एकत्र बसले तरी तो गट होतो. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी शाकारलेल्या, हाताला काम नाही; पिणाऱ्यांना हेच दोन महिने सगळ्यांत जड. एका जुलैत दरड कोसळून रस्ता बंद झाला, मीटिंगला जाता येईना. तेव्हा तांडेल आणि मी त्याच्या पडवीत जाळी दुरुस्त करत बसायचो, एक दिवसाआड. काल कसा गेला, आज कुठल्या वेळेला मन ओढलं, एवढंच बोलायचो. तो पावसाळा मी त्यावर काढला.

या आठवड्यात ओपीडीचा केसपेपर काढा. मीटिंगला पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नसते, मागच्या बाकावर बसून नुसतं ऐकलंत तरी चालतं. जायच्या आदल्या रात्री धीर सुटला तर इथे मेसेज टाका, मी वाचेन आणि उत्तर देईन.