कॅम्प जाणार म्हणे

"कॅम्प जाणार म्हणे. खरं काय ओ मॅडम?"

मी समुपदेशक. गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न माझ्याकडे नाना वेषांत आलाय. कुणी झोप उडाल्याचं सांगतं, कुणाचं बीपी वाढलेलं असतं, एका घरात दोन भावांचं बोलणं थांबलं होतं. थोडं खणलं की खाली बेळगावचा कॅम्प, म्हणजे लष्करी छावणीची वस्ती, निघतो.

एप्रिल २०२३ मध्ये हिमाचलातल्या योल गावचा छावणीचा दर्जा काढला गेला आणि देशातल्या ६२ छावण्यांच्या ६१ झाल्या. नागरी वस्ती शेजारच्या पालिकेत जाणार, लष्कराचा भाग 'मिलिटरी स्टेशन' होणार, असं ते धोरण. त्याच महिन्यात ५७ कॅन्टोन्मेंट बोर्डांची, म्हणजे छावण्यांचा कारभार बघणाऱ्या मंडळांची, निवडणूक व्हायची होती, ती मार्चमध्येच रद्द झाली. म्हणजे विचारायला जावं असा निवडून आलेला माणूसच नाही. मग चहाच्या टपरीवर जे ऐकू येईल तेच गॅझेट.

कॅम्पातले एक टेलर (तपशील बदललेत) याच काळात मुलासोबत आले. साठीच्या घरातले, तिसऱ्या पिढीचं दुकान, काम गणवेशाचं. नव्या ऑर्डरी घेणं बंद केलेलं आणि रोज सकाळी बोर्डाच्या ऑफिसात नोटीस लागलीय का बघायला फेरी.

"दुकान चालत नाही का, मास्टर?"

"चालतंय की! पण कॅम्पच गेला तर सोल्जर कुठला?"

मी समजावलं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून इथं आहे, वस्ती पालिकेत गेली म्हणून रिक्रूट गाडीत बसून निघून जात नाहीत. त्यांनी मान डोलावली, आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न घेऊन आले. माहितीनं भीती जाते असं मानणारी मी नवशिकी नाही, तरी फसले.

मग भीतीचे पदर वेगळे केले. गिऱ्हाईक जाईल, ही भीती पोकळ. दुकान 'ओल्ड ग्रँट'चं, म्हणजे भिंती त्यांच्या आणि जमीन सरकारची. ही मात्र खरी. तिसरी त्यांनी खाली बघत सांगितली. "महापालिकेचा कागद कन्नडात येणार. मला पाट्या वाचता येतात, नोटीस न्हाई." सीमाभागात जन्म काढलेल्याला या वाक्याचं वजन सांगावं लागत नाही.

तिसऱ्या बैठकीत ते बोलताना आपल्याच पँटची शिवण बोटानं चाचपत होते. मी सहज विचारलं, "अग्निवीर पोरं येतात ती किडकिडीत. ट्रेनिंगमध्ये अंग भरतं. मग पँट कशी शिवता?"

"आत माया सोडून. शिवणीत जादा कापड ओ."

"अंग किती भरणार हे आधी ठाऊक असतं?"

"कसं असंल? म्हणून तर माया!"

हसले. मग बराच वेळ गप्प. खिडकीबाहेर रिक्षा गेली, मी बोलले नाही. इथं बोलण्याचा मोह आवरणं हे आमच्या धंद्यातलं खरं कसब. शेवटी तेच म्हणाले, "मग माझ्या कागदाला माया कुठाय ओ?"

असे प्रश्न मी पढवत नाही, पण तो निघाला त्या दुपारचं समाधान मला अजून पुरतंय. खात्री हवी वाटणं ठीक. खात्री हवीच, यातला 'च' झोप खातो, असं मानणाऱ्यांतली मी. हा माणूस चाळीस वर्षं खात्रीशिवाय कापड कापत आला होता, फक्त स्वतःच्या बाबतीत ते विसरला होता.

अमेरिकेत १९८८ ते २००५ दरम्यान पाच वेळा लष्करी तळ बंद करण्याच्या याद्या निघाल्या. स्वतंत्र आयोगाची अख्खी यादी घ्यायची किंवा अख्खी नाकारायची, कुणा खासदाराला आपलं गाव हळूच वगळता येत नव्हतं. गावं तिथंही उठली, पण निदान यादी हातात पडायची. आपल्याकडे वाट बघणं हेच दुखणं.

म्हणून अशा घरांना मी सांगते: बातमी आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी बघा. जनरल लँड रजिस्टरचा (छावणीतल्या जमिनींच्या नोंदवहीचा) उतारा, कराच्या पावत्या, दुरुस्तीच्या परवानग्या एका फायलीत लावा. विचारायचं ते लेखी विचारा, पोच घ्या. घाबरून विकू नका. तुमच्या घबराटीची वाट बघणारं गिऱ्हाईक असतंच. आणि घरच्यांनो, "काही होत नाही" म्हणू नका. तुम्हाला तरी काय ठाऊक?

महिन्याभरानं मास्टर फाईल दाखवायला आले. वर बोर्डाकडे करायचा अर्ज, इंग्रजीत. त्याखाली महापालिकेसाठी तोच अर्ज कन्नडमध्ये, नातीच्या अक्षरात, तारीख मोकळी ठेवलेली.

"लागला तर असू दे," म्हणाले. सही दोन्हीवर मराठीत होती.