सरपंच किंवा अधिकारी नारळी पौर्णिमेला समुद्राला सरकारी नारळ अर्पण करून गाऱ्हाणे घालतात. नास्तिक माणसाने यावर हरकत कशी घ्यावी?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. सरपंचाने स्वतःच्या खिशातून नारळ सोडला, तर राज्यघटनेतला धर्मस्वातंत्र्याचा अनुच्छेद २५ त्याच्या बाजूने आहे. तिथे वाद घालून फक्त गावाशी वाकडे येते.

खर्च ग्रामनिधीतून झाला असेल, तर मात्र कागद मागा. माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांच्या आत, विषय एकच. 'पूजा का केली?' असे विचारू नका, कारणमीमांसा मागितली की अर्ज तिथेच अडकतो. 'अमुक तारखेच्या कार्यक्रमाच्या व्हाउचरची आणि ठरावाची प्रत' एवढेच लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही आले, तर प्रथम अपील.

कोर्टाची फार आशा धरू नका. गुजरात उच्च न्यायालयाच्या इमारतीच्या भूमिपूजनाविरुद्धची याचिका २०११ मध्ये फेटाळली गेली, वर याचिकाकर्त्यालाच २०,००० रुपये भरायला सांगितले. अनुच्छेद ५१अ(ह) मधला वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य आहे, त्यावर थेट खटला उभा राहत नाही.

खरी टीका नारळावर नसावीच. वादळानंतर अधिकारी 'देवाक काळजी' म्हणतो, तेव्हा जेट्टीचा गाळ कधी काढला, हा प्रश्न मागे पडतो. ग्रामसभेत तोच विचारा आणि इतिवृत्तात नोंद करून घ्या. गाऱ्हाण्याला 'व्हय महाराजा' म्हणायला बाकीचे आहेतच.